हेडफोनची पारख

संगीताची गोडी लागलेला विद्यार्थी साठवलेल्या पैशांतून आपला पहिला चांगला हेडफोन घेण्यास निघतो, तेव्हा त्याच्यापुढे प्रथम उभे राहतात ते आकडे. ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’, ‘३२ ओहम’, ‘१०० डेसिबल’ असे काहीबाही खोक्यावर ठळक छापलेले असते आणि आकडा जितका मोठा तितकी वस्तू सरस, असा ग्राहकाचा स्वाभाविक समज होतो. हा समज बहुतांशी चुकीचा आहे. हेडफोनसाठी ‘कर्णध्वनक’ असा एखादा शब्द घडविता आला असता. परंतु तो उच्चारून दुकानात काही विकत मिळणार नाही, म्हणून येथे रूढ शब्दच ठेवला आहे.

हेडफोनची रचना मुळात साधी आहे. पातळ पडद्याला बारीक तारेचे वेटोळे जोडलेले असते व ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात मोकळे राहील असे बसविलेले असते. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह वाहू लागला की ते मागेपुढे सरकते, पडदा थरथरतो आणि कानाजवळची हवा कंप पावते. या जातीचा हेडफोन जर्मनीतील ऑयगेन बायर यांच्या कारखान्याने १९३७ साली तयार केला. त्यापूर्वीचे हेडफोन मुख्यत्वे टेलिफोन व बिनतारी संदेश यांच्या कामासाठी असत. १९१० साली नॅथॅनिएल बाल्डविन यांनी अमेरिकेच्या नौदलाला पुरविलेले हेडफोन याच प्रकारचे होते. संदेश कळला म्हणजे तेथे काम भागे. निवांतपणे संगीत ऐकण्याचे साधन म्हणून हेडफोन लोकांपुढे आला तो १९५८ साली, अमेरिकेतील मिलवॉकी येथील जॉन कॉस यांच्या स्टिरिओ हेडफोनमुळे.

आता खोक्यावरील आकड्यांकडे वळू. निरोगी तरुण कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येतात. तेव्हा ४०,००० हर्ट्झची ग्वाही ऐकणाऱ्याच्या फारशी उपयोगाची नाही. शिवाय त्या मर्यादांच्या आत कोणता स्वर किती जोराने उमटतो, हे तो आकडा सांगतच नाही. एखाद्या गायकाचा गळा तीन सप्तके फिरतो एवढेच सांगावे आणि तो सुरात गातो की नाही याविषयी मौन पाळावे, तसा हा प्रकार आहे.

बरे, सर्व स्वर यंत्राच्या मोजणीत सारख्याच जोराने उमटावेत, अशी मागणी करावी, तर तीही बरोबर ठरत नाही. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असून तिचे आतील टोक पडद्याने बंद असते. अशा नळीत ३,००० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी अनुस्पंदनाने बळावतात. डोके व कानाची पाळी यांचाही ध्वनीवर परिणाम होतो. समोर बसलेल्या गवयाचे गाणे आपण नेहमी या साऱ्या संस्कारांसह ऐकतो. हेडफोन कानालाच भिडत असल्यामुळे त्यांपैकी बराच भाग त्याला स्वतःहून पुरवावा लागतो. तो नेमका किती असावा, हे ठरविण्यासाठी शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास अनेक श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकवून त्यांचा कौल घेतला. पुढे २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली, तेव्हा निरनिराळ्या स्वरांच्या प्रमाणाचा हेडफोनच्या किमतीशी काहीच संबंध आढळला नाही. मर्यादित पैशांत खरेदी करणाऱ्याला याहून दिलासा देणारी गोष्ट कोणती असणार?

मग पारख करावी कशाने? आपल्या परिचयाच्या संगीताने. हिंदुस्थानी किंवा कर्नाटक संगीत ऐकणाऱ्याच्या हाताशी तर उत्तम कसोट्या आहेत. काळी एक पट्टीतील पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपनसंख्या सुमारे ६९ हर्ट्झ असते आणि जवारीमुळे तिच्यातून उमटणारी उपस्वरांची रांग कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पोहोचते. येथे एक गंमत लक्षात ठेवावी. हलक्या हेडफोनमधूनही तो खर्ज ओळखू येतो. कारण मूळ कंपन लुप्त झाले तरी उपस्वरांवरून मेंदू ते जुळवून घेतो. म्हणून स्वर ओळखू आला का, एवढेच न पाहता त्यात भरदारपणा आहे का आणि वरचा झंकार रेशमासारखा मऊ आहे की काचेसारखा बोचतो, हे पाहावे. तबलाही असाच उपयोगी. त्याच्या शाईमुळे उपस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन् यांनी एका सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकातून मांडले. डग्ग्याची घुमक ऐकू येत असतानाच ‘ना’ स्वच्छ व सुरेल राहिला पाहिजे. खर्ज अवाजवी फुगविलेल्या हेडफोनात तो हमखास बुडतो. दुकानात पहिल्या क्षणी मात्र असाच हेडफोन मोहात पाडतो.

दोन हेडफोनांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखविले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज विशेष कमी जाणवतो. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारा हेडफोन उगीचच अधिक भरदार भासतो. अनेक चुकीच्या खरेद्यांचे मूळ येथेच असते.

बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवितो. उघड्या पाठीच्या हेडफोनातून ध्वनी दोन्हीकडे जातो, परंतु त्यातील गाणे मोकळे, खोलीत चालल्यासारखे वाटते. शांत खोली लाभत असेल तर मी दुसराच सुचवीन. मात्र पंखा, रस्ता आणि शेजारचा टीव्ही यांच्या संगतीत ऐकावयाचे असेल, तर बंद पाठच बरी. याचे कारण आवडनिवडीपलीकडचे आहे. गोंगाटावर मात करण्यासाठी माणूस नकळत आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा; मुलांसाठी ही पातळी ७५ आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला प्रौढांचेही जेमतेम ४ तासच उरतात. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत.

ओहमच्या आकड्याविषयी थोडक्यात सांगावयाचे, तर २५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन साध्या मोबाइलवर बहुधा क्षीण वाजतो. पहिल्या खरेदीस ३२ ओहमच्या आसपासचा सोयीचा. बिनतारी हेडफोनात ध्वनिवर्धक आतच असल्याने ही अडचण नसते, परंतु त्याची बॅटरी कालांतराने थकते.

शेवटी, हेडफोन अर्धा तास तरी डोक्यावर ठेवून पाहावा. चष्मा वापरणाऱ्याने तो चष्म्यासहच पाहावा, कारण काडीमुळे गादीखाली फट राहते आणि बंद पाठीच्या हेडफोनातील खर्ज तेथून निसटतो. गाद्या व तार बदलता येतात ना, हेही विचारून घ्यावे. पडदा शाबूत असताना बहुधा याच दोन गोष्टी आधी निकामी होतात.