गोटा आणि बडग्या : नभोवाणीवरील टवाळीचा जमाखर्च

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही तीरांवर माणसांची दाटी होते. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधलेला असतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून सुटतात ते खरेखुरे दगड. हीच गोटमार. दरवर्षी माणसे जखमी होतात. कित्येक वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, मनाई हुकूम काढून पाहिले. लोक पुन्हा गोट्याकडेच वळले.

त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि तिच्याबरोबर बडगे निघतात. वर्षभर ज्यांनी लोकांना छळले त्या महागाईचे, लाचखोरीचे, उन्मत्त सत्तेचे ते पुतळे. लोक त्यांची मनसोक्त टर उडवितात आणि अखेर त्यांना जाळून, इडापीडा गेली असे समजून घरी परततात. मारा येथेही असतो. पण कोणाचे डोके फुटत नाही.

एकाच दिवसाच्या या दोन प्रथा मला नभोवाणीवरील एका विशिष्ट जातीच्या निवेदकांचा विचार करताना आठवतात. अमेरिकेत त्यांना ‘शॉक जॉक’ म्हणतात. ऐकणाऱ्यास धक्का बसावा, राग यावा, हसू फुटावे, किमान त्याचा हात कळीवरून दूर राहावा, एवढ्यासाठी मुद्दाम बोचरे बोलणारा तो शॉक जॉक. हा प्रकार का फोफावला, हे समजण्यास फारसे पांडित्य लागत नाही. खाजगी केंद्राचे उत्पन्न जाहिरातींचे. जाहिरातीचा दर श्रोत्यांच्या संख्येवर ठरतो. सौम्य बोलणे ऐकता ऐकता श्रोता केंद्र बदलतो. परंतु संतापलेला श्रोता, हा गृहस्थ आता आणखी काय बोलतो, हे ऐकण्यासाठी थांबतो. शिव्या देणाराही गिऱ्हाईकच ठरतो! त्यातच, वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे जे बंधन तेथील केंद्रांवर होते, ते १९८७ साली उठविण्यात आले आणि एकेरी बोलण्यास रान मोकळे झाले.

या मंडळींपैकी डॉन आयमस यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. न्यूयॉर्कमधून त्यांचा प्रातःकालीन कार्यक्रम अनेक वर्षे चालला. सिनेटर, पत्रकार, ग्रंथकार तेथे हौसेने येत. कर्करोगाने पीडित मुलांसाठी त्यांनी न्यू मेक्सिकोत एक शेतवाडी चालविली. आणि याच गृहस्थांनी एप्रिल २००७ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींविषयी वर्णद्वेषी आणि स्त्रीत्वाचा अपमान करणारे उद्गार काढले. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना त्या आदल्याच दिवशी हरल्या होत्या. मुलींनी पत्रकारांसमोर येऊन शांतपणे आपली बाजू मांडली. जाहिरातदारांनी हात काढून घेतला आणि आठ दिवसांत आयमस यांची नोकरी गेली. सरकारने तेथे कोणताही हुकूम काढला नव्हता. आयमस त्या मुलींना समक्ष भेटले आणि मुलींनी त्यांची क्षमायाचना स्वीकारली. वर्ष संपण्यापूर्वी ते दुसऱ्या केंद्रावर पुन्हा बोलू लागले; २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात वारले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात दीर्घकाळ नभोवाणी सरकारच्याच हाती होती, आणि तेथे दुसऱ्या टोकाचा प्रयोग झाला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून दहा वर्षे या खात्याचे मंत्री होते. त्यांनी अभिजात संगीताला राष्ट्रीय कार्यक्रमात मानाचे पान दिले, हे त्यांचे ऋण. परंतु चित्रपटगीते अभिरुचीला मारक म्हणून त्यांना आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव झाला. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी कळ फिरविली आणि रेडिओ सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. रबरी चेंडूंनी गोटमार थांबली नाही, तसेच हे. वरून लादलेली शुद्धता लोकांना वळण लावीत नाही. ती त्यांना फक्त दुसऱ्या काठावर पाठविते.

पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला आणि २००१ पासून खाजगी एफ. एम. केंद्रे आली. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. साहजिकच निवेदकाच्या वाट्याला उरली ती थट्टा. थट्टेच्या या मोकळ्या रानात दोन प्रसंग असे घडले की ते शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

पहिला सप्टेंबर २००७ मधला. कोलकाता पोलिसात शिपाई असलेला प्रशांत तमांग हा दार्जिलिंगचा नेपाळीभाषक तरुण दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत देशात पहिला आला. दिल्लीच्या एका खाजगी केंद्रावरील निवेदकाने थट्टेच्या भरात, हे लोक गाऊ लागले तर राखणदारी कोण करणार, अशा आशयाची शेरेबाजी केली. सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, त्याचे पर्यवसान हिंसाचारात झाले, संचारबंदी लागली. एका वाक्याने एका अख्ख्या समाजाला त्याची ‘जागा’ दाखविली होती. तो गोटा होता.

दुसरा प्रसंग जुलै २०१७ मधला, मुंबईचा. रेड एफ. एम. केंद्राच्या निवेदिका मलिष्का मेंडोन्सा यांनी त्या वेळी लोकांच्या तोंडी असलेल्या एका मराठी गाण्याच्या चालीवर महानगरपालिकेचे विडंबन केले. विषय नेहमीचाच : खड्डे, तुंबलेले पाणी, खोळंबलेल्या गाड्या. पालिकेत सत्ता असलेल्या पक्षाच्या नगरसेवकांनी पाचशे कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावावा, अशी मागणी केली. पालिकेच्या पथकाने घराची पाहणी केली, आणि तेथे डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली! खड्ड्यांपेक्षा अळ्या लवकर सापडल्या, असे लोक म्हणाले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. हा बडग्या होता.

दोन्ही ठिकाणी शस्त्र एकच, थट्टेचे. भेद इतकाच की, एका ठिकाणी ते सत्ताधाऱ्यावर चालले आणि दुसऱ्या ठिकाणी स्वतःच्या गुणाने नुकत्याच वर आलेल्या माणसावर. सत्ताधाऱ्याजवळ उत्तर देण्यास वकील आहेत, पथके आहेत, नोटिसा आहेत. पहाडातील शिपायाच्या समाजाजवळ ध्वनिक्षेपक नाही.

तथापि हे काम वाटते तितके सोपे नाही. गोटा फेकणारा हात आणि बडग्या नाचविणारा हात पुष्कळदा एकाच माणसाचा असतो. आयमस यांनी मोठमोठ्या पुढाऱ्यांना धारेवर धरले, आजारी मुलांना आसरा दिला, आणि खेळाडू मुलींचा अपमानही केला. मग अशा माणसाचा हिशेब मांडावा कसा? आपण व्यापाऱ्यासारखी जमेतून खर्चाची रक्कम वजा करतो आणि शिल्लक काढतो. माझ्या मते ही पद्धतच चुकीची आहे. आजारी मुलांवर केलेले उपकार हे त्या खेळाडू मुलींच्या खात्यात जमा होत नाहीत. ज्याचे देणे त्यालाच फेडावे लागते. म्हणूनच समक्ष जाऊन मागितलेल्या क्षमेला मोल आहे. दोन्ही रकमा वहीत राहू द्याव्यात. एकीने दुसरी पुसू नये.

हा प्रश्न पांढुर्णा-सौसरच्या श्रोत्यांना अधिक कळेल, असे मला वाटते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि हे दोन मराठी तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. संत्र्याची बाजारपेठ नागपूर, सरकारची राजधानी भोपाळ. १९४८ पासून बोलणारे नागपूरचे केंद्र हे येथील अनेक घरांतले मराठीचे दार होते. अशा सीमेवरच्या माणसाची भाषा दोन्हीकडच्यांना थट्टेचा सोपा विषय वाटते. तिकडे तो ‘मराठी’, इकडे त्याची मराठी ‘हिंदाळलेली’. आपल्या बोलण्याची नक्कल होताना चारचौघांत हसावे लागणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणून त्याच्याकडूनच अपेक्षा अधिक आहे. नदीच्या पात्रात दगड फेकणारे थोडे असतात. काठावर उभे राहून बघणारे पुष्कळ. काठ रिकामा झाला तर किती वेळ दगड चालतील? नभोवाणीचा काठ म्हणजे आपले घर. पुढच्या वेळी एखाद्या निवेदकाच्या बोलण्यावर हसू आले, तर क्षणभर थांबून एवढेच विचारावे : हा बडग्या कोणाचा आहे, की हा गोटा कोणाच्या डोक्यावर पडतो आहे? बडग्या असेल तर खुशाल पोटभर हसावे, आणि त्या निवेदकावर नोटीस आली तर त्याच्या पाठीशीही उभे राहावे. गोटा असेल तर कळ फिरवावी, केंद्राला चार ओळी लिहाव्यात, आणि ज्याला तो लागला त्याचे म्हणणे ऐकावे. बंदीहुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. कळ आपल्याच हातात आहे.