हीटर गार पडला, तर आधी पाणी बघा

सातपाटीच्या माणसाला गाडीतला हीटर आठवतो तो डिसेंबर-जानेवारीत. पहाटे घर सोडायचं, शिरगाव, पालघर, मनोर मागे टाकून विक्रमगड-जव्हारमार्गे त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक गाठायचं. बंदरावर साधा सदरा पुरतो, पण मोखाड्याच्या वाटेवर हातपाय गारठतात. काच आतून धुरकट होते. कुणीतरी बटण लाल खुणेकडे फिरवतं आणि तोंडावर येते ती गार हवा. मग ‘राहू दे, आपल्याकडे हीटर लागतो कुठे’ म्हणून विषय संपतो. तो तिथेच संपवू नये, असं मला फार वाटतं, कारण किनाऱ्यावरच्या गाडीत हीटरचं खरं काम इंजिनाची खबर देणं हेच आहे.

पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या गाडीत हीटरसाठी सहसा वेगळी शेगडी नसते. इंजिन तापतं, त्याची उष्णता कूलंट, म्हणजे आपण ज्याला इंजिनाचं पाणी म्हणतो ते, घेतं आणि वॉटर पंप ते कूलंट फिरवत ठेवतो. त्यातला बराचसा भाग रेडिएटरमध्ये जाऊन निवतो. थोडा भाग दोन रबरी नळ्यांमधून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातो. मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअरची हवा या कॉइलमधून गेली की गरम होते. म्हणजे हवा गार आली तर कारण दोनपैकी एक असतं. गरम कूलंट कॉइलपर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचतं पण हवा तिथून जात नाही.

पहिला संशय कूलंट कमी झाल्याचा घ्यावा. अनेक गाड्यांत हीटरची कॉइल बऱ्यापैकी उंचावर असते, त्यामुळे कूलंट थोडं उतरलं की हवा आधी तिथे शिरते. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. गाडी उभी असताना हवा गार, ॲक्सिलरेटर दिला की कोमट, अशी लक्षणं दिसतात. सातपाटीच्या होडीवरचा तांडेल इंजिन चालू झालं की बाजूने पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे बघतो. धार मंदावली तर पुढे जाण्यात अर्थ नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. गाडीत ती धार दिसत नाही, पण हीटरच्या हवेवरून तिचा अंदाज येतो.

कूलंट जातं कुठे? आपल्याकडे खारी हवा आहे, मासळी-बर्फाच्या टेम्पोतून ठिबकणारं खारं पाणी रस्त्यावर आहे. नळ्यांवरचे लोखंडी क्लॅम्प गंजतात, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या भुगा होऊन झडतात आणि थेंब थेंब गळती महिनोन्‌महिने चालते. त्यावर लोक करतात तो उपाय आणखी वाईट. कूलंटच्या बाटलीत पातळी उतरली की विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओततात. किनाऱ्यालगतच्या अशा पाण्यात बऱ्याचदा क्षार असतात. ते ॲल्युमिनियम खातात आणि कॉइलच्या बारीक नळ्यांत गाळ साचवतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, साधारण निम्मं-निम्मं, एवढंच त्यात जायला हवं. तयार मिश्रणाचा डबा आणला असेल, तर त्यात पाणी मिसळायचंच नाही. रंग सारखा म्हणून प्रकारही सारखा असेल, असं धरून चालू नये.

घरच्या घरी तपासायचं असेल, तर सुरुवात गार इंजिनावर करा. बाटलीतली पातळी खुणांच्या मध्ये आहे का ते बघा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वरही असू शकतं आणि ते उसळून चेहरा-हात भाजतात. नंतर गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा. तापमानाचा काटा मधोमध आला की हीटर पूर्ण गरमवर ठेवा. मग इंजिन बंद करून, पंखा आणि पट्ट्यांपासून हात लांब ठेवत, केबिनच्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन नळ्या जाड फडक्याने जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर कूलंट पोहोचतंय, दोष हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा, त्याच्या केबलचा किंवा मोटरचा. एक गरम, दुसरी कोमट असेल तर कॉइल तुंबली आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा पंप थकला आहे. काही गाड्यांत त्या नळीवर व्हॉल्व असतो, तोही अडकतो. हवाच येत नसेल तर ब्लोअर आणि केबिन फिल्टर बघायचा.

थर्मोस्टॅटबद्दल जरा जोर देऊन बोलायला हवं. इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे न जाऊ देणारा हा छोटा व्हॉल्व बहुतेक गाड्यांत 80 ते 90 अंशांच्या आसपास उघडतो. तो उघडाच अडकला, तर हायवेवर काटा खालीच राहतो आणि हीटर कोमट. अनेक गॅरेजांत तो काढूनच टाकतात, ‘आपल्याकडे गरमी, याची गरज काय’ म्हणून. हा सल्ला ऐकू नका. इंजिन नीट तापलं नाही तर इंधन जास्त जातं आणि झीज वाढते. नवा थर्मोस्टॅट बसवणं हाच खरा उपाय.

बोईसर-पालघर भागातल्या सीएनजी गाड्यांची आणखी एक गोष्ट. टाकीतला गॅस सुमारे 200 बार दाबावरून खाली येताना खूप गार होतो, म्हणून दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरला इंजिनाच्या गरम कूलंटची ऊब दिलेली असते. बाहेरून किट बसवताना त्यासाठी बऱ्याचदा हीटरच्याच नळ्यांना जोड देतात. किट बसवल्यानंतर हीटर गार पडला असेल, तर आत हवा राहिली आहे किंवा जोड चुकला आहे. ज्याने किट बसवलं त्याच्याकडेच गाडी न्या.

पुढच्या सीटखालची चटई ओली, केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून चिकट थर, ही कॉइल फुटल्याची खूण. कूलंट घटतंय पण गळती दिसत नाही आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

जव्हारच्या चढावर काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत वेळ मिळतो. पण काटा लाल आणि हीटरची हवा गार, असं झालं तर बहुधा आत फिरायला कूलंटच उरलेलं नाही. तिथेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. कधी कधी सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि काटा खोटं सांगतो, म्हणून अचानक गार झालेल्या हीटरवर काट्यापेक्षा जास्त विश्वास ठेवा.

महिन्यातून एकदा, मे महिन्यातसुद्धा, पाच मिनिटं हीटर लावून बघा. आणि कूलंट बदललंत, तर जुनं गटारात किंवा खाडीत ओतू नका. ते चवीला गोड पण विषारी असतं, बंदरावरची मांजरं-कुत्री ते चाटून मरू शकतात. झाकणाच्या डब्यात भरून त्याची नीट विल्हेवाट लावणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या.