ज्याच्या तोंडात मावेल, ते त्याचं खाणं



ओझर-पिंपळगावकडून आग्रा रस्त्याने या, नाहीतर सिन्नरकडून पुणे रस्त्याने या, नाशकात शिरताना द्वारकेचा चौक लागतोच. आम्ही या चौकाच्या आसपास राहणाऱ्या बाया. गावाकडच्या बहिणी बाजाराला आल्या की पोरं रंगीत माशांसाठी हट्ट धरतात, आणि परतीच्या गाडीत मांडीवर पाण्याची पिशवी येते. म्हणून आज काचेच्या टाकीबद्दल बोलू. शिकारी मासा आणि छोटे झिंगे एका टाकीत नांदतात का?

आमच्यातल्या एकीने हे करून पाहिलं. टाकीत बोटाएवढा ऑस्कर मासा होता. लेकीने लाल झिंगे मागितले, दुकानात त्यांना चेरी श्रिंप म्हणतात. दुकानदार म्हणाला, "मासा लहान आहे, चालेल." बारा झिंगे सोडले. सकाळी एकच उरला, तोही फिल्टरमागे दडलेला. पोरगी रडून म्हणाली, "मासा वाईट आहे." मासा वाईट नव्हता. त्याने त्याचं खाणं खाल्लं. चूक ताट वाढणाऱ्याची होती.

गप्पी मासा तर आपल्या ओळखीचा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून तो गावोगाव हौदात आणि डबक्यात सोडतात. म्हणजे इवलासा गप्पीही शिकारीच, आणि तो स्वतःची पिल्लंसुद्धा खातो. मासा नातं बघत नाही, आकार बघतो. ज्याच्या तोंडात जे मावेल, ते त्याचं खाणं. पोट भरलेलं असलं तरी हलतं काही दिसलं की तो झडप घालतोच.

आता झिंग्याकडे बघू. चेरी झिंगा वाढून एक इंचाच्या आसपास होतो. मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन फिरते, आणि तीन-चार आठवड्यांनी त्यातून थेट छोटे झिंगेच बाहेर पडतात, डासाच्या अळीपेक्षाही बारीक. वाढताना झिंगा कात टाकतो. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, तेव्हा त्याला लपायला जागा लागते. जागा नसेल तर तो कोणाच्याही तावडीत सापडतो.

मग जोडी कोणाची जमते? ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांच्याबरोबर झिंगे कधीच नकोत. ऑस्कर वाढून फूटभर होतो, त्याला दोन फुटी टाकीच पुरत नाही. एंजल मासा लहानपणी गरीब दिसतो, मोठा झाला की झिंगे टिपतो. फायटरचा भरवसा नाही, एखादा खातो, एखादा बघतही नाही. गप्पीबरोबर मोठे झिंगे राहतात, पिल्लं मात्र बरीचशी जातात. शेवाळ खाणारा छोटा ओटो मासा त्यातल्या त्यात निर्धोक.

गप्पीबरोबर ठेवायचेच असतील तर आधी झिंगे सोडा. त्यांना महिनाभर टाकीत रुळू द्या, मासे नंतर आणा. जावा मॉस भरपूर लावा, कौलाचे तुकडे आडवे ठेवा. पिल्लं आत ओढली जाऊ नयेत म्हणून स्पंजचा फिल्टर घ्या. पिल्लं वाढवून विकायची असतील तर झिंग्यांची टाकी वेगळीच हवी.

द्राक्षबागेच्या घरांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं आणि मोरचुदात तांबं. ज्या तांब्याने माशाला काही होणार नाही, तेवढ्यानेही झिंगा मरतो. म्हणून फवारणीची बादली टाकीच्या पाण्याला वापरू नका. माशांच्या औषधांतही कधीकधी तांबं असतं, बाटलीवर बघून घ्या. टाकीजवळ डासांचा फवाराही मारू नका.

उलटंही घडतं. पोरं नदीतून लांब नांगीचे झिंगे धरून आणतात आणि गप्पीच्या टाकीत सोडतात. हा झिंगा रात्री निजलेला मासा नांगीत पकडतो. तिथे शिकारी झिंगा आणि खाणं मासा. नियम तोच, पारडं फिरलेलं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. मासा टाकीत मावेना, इतरांना खाऊ लागला, की आपल्याला दया येते आणि आपण म्हणतो, "सोडू या गोदावरीत, नाहीतर शेततळ्यात." असं करू नका. टाकीत अकरा झिंगे गेले, तळ्यात रोहू-कटल्याचं बोटुकलीच जाईल, म्हणजे एखाद्या गटाची वर्षाची कमाई. काच साफ करायला आणलेला सकर मासा दक्षिण अमेरिकेतला, तो आज आपल्या उजनी धरणात सापडतो आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. थाई मागूर असाच खादाड, म्हणून 2000 सालीच केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली. नको झालेला मासा दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या घरी द्या, पण वाहत्या पाण्यात सोडू नका.

तेव्हा मासा घेण्याआधी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: हा वाढून केवढा होणार? आणि याच्या तोंडात काय मावतं? आमच्या त्या मैत्रिणीने ऑस्कर परत दिला. लेकीच्या टाकीत आता फक्त झिंगे आहेत, आणि परवा तिने मॉसमध्ये पहिली पिल्लं मोजली. सतरा भरली.

येतो मैत्रिणींनो, काळजी घ्या.