उत्सर्जनाचे लक्ष्य आणि धसईचे रान

3 ऑगस्ट 2022 या एकाच दिवशी दिल्लीत दोन गोष्टी घडल्या. हवामान बदलाबाबत भारताने जगाला द्यायच्या सुधारित उद्दिष्टांना केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आणि ऊर्जा संवर्धन सुधारणा विधेयक लोकसभेत मांडले गेले. विधेयकावर दोन्ही सभागृहांत चर्चा झाली. 8 ऑगस्टला लोकसभेने आणि 12 डिसेंबरला राज्यसभेने ते मंजूर केले. देशातल्या कार्बन क्रेडिटच्या बाजाराला त्यातून कायद्याचा आधार मिळाला. उद्दिष्टांवर मात्र मतदान झाले नाही. आंतरराष्ट्रीय वचने देण्याचा अधिकार सरकारचा असतो, त्यासाठी संसदेची मोहोर लागत नाही. ब्रिटनने 2008 मध्येच कायदा करून उत्सर्जनाचे लक्ष्य संसदेच्या देखरेखीखाली आणले. आपल्याकडे असा कायदा नाही.

ती उद्दिष्टे तीन. 2005 च्या तुलनेत अर्थव्यवस्थेची उत्सर्जन-तीव्रता, म्हणजे उत्पन्नाच्या दर रुपयामागे होणारे उत्सर्जन, 2030 पर्यंत 45 टक्क्यांनी घटवायची. विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर स्रोतांची करायची. आणि जंगले व झाडे वाढवून 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड जास्तीचा शोषून घ्यायचा. पहिल्या उद्दिष्टाची लढाई कारखाने आणि वीजकेंद्रांत होईल. उरलेल्या दोन्हींची वाट ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या डोंगरांतून जाते, म्हणून हा लेख धसईला उभे राहून लिहावासा वाटला.

मुरबाड तालुक्यातली धसई ही सह्याद्रीच्या पायथ्याची बाजारपेठ. भोवतालच्या गावांतले कुणबी आणि पाड्यांवरचे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी खरेदीला इथे येतात. राष्ट्रीय धोरण दारात येऊन उभे राहणे धसईला नवे नाही. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये, राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून तिचे नाव देशभर झाले होते.

संसदेतली हवामानाची चर्चा बहुतेक वेळा बाहेर तोंड करून चालते. 3 डिसेंबर 2009 रोजी, कोपनहेगन परिषदेच्या तोंडावर, तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लोकसभेत उत्सर्जन-तीव्रता 2020 पर्यंत 20 ते 25 टक्के घटवण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा वादाचा मुद्दा होता तो पाश्चात्त्य देशांपुढे आपण झुकतो आहोत का, हा. 2015 मध्ये पॅरिसला प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री म्हणून गेले, तेव्हाही न्यायाची भाषा राष्ट्राराष्ट्रांमधलीच होती. ती रास्तच आहे. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला त्यांनी आधी भार उचलावा, यात चूक काय? पण हाच न्याय देशाच्या आत कोणी कोणाकडे मागायचा, हे त्या चर्चांत फारसे येत नाही.

ते आले जुलै 2016 मध्ये, राज्यसभेत. भरपाई वनीकरण निधीच्या विधेयकावर चर्चा होती. वनजमीन प्रकल्पांना दिली की त्या बदल्यात घेतलेल्या पैशातून दुसरीकडे झाडे लावायची, असा हा निधी. ही लागवड ग्रामसभेच्या संमतीशिवाय होऊ नये, अशी दुरुस्ती रमेश यांनी मांडली. तत्कालीन पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे यांनी नियमांत काळजी घेऊ असे आश्वासन दिले आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. 2018 मध्ये नियम आले. त्यांत शब्द होते ‘ग्रामसभा किंवा वन व्यवस्थापन समिती’ यांच्याशी सल्लामसलत. संमतीची सल्लामसलत झाली आणि ग्रामसभेला पर्यायही मिळाला. माझ्या मते देशाच्या हवामान धोरणातली ही सर्वांत कमी वाचली गेलेली आणि सर्वांत महागात पडणारी ओळ आहे.

याचे कारण इथल्या शेतीत आहे. भाताची रोपे करण्याआधी उन्हाळ्यात राब भाजायचा, त्यासाठी ऐनासारख्या झाडांचे कवळ तोडायचे, पाला-गवत-शेणखताचा थर रचून जाळायचा, ही पद्धत ठाणे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्यांची. भातखाचराला जोडून वरकस जमीन ठेवलेली असे ती राबासाठीच. इंग्रजांनी जंगल राखीव केले तेव्हा भांडण पेटले ते याच हक्कावर, आणि त्याच्या चौकशीसाठी 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. राबात धूर होतो, झाडांची छाटणी होते, हे खरे. पण ज्या घरात गाडी नाही, वातानुकूलन यंत्र नाही, वर्षाचा बराचसा स्वयंपाक सरपणावर होतो, त्याच्या राबाकडे कार्बनच्या हिशेबातली गळती म्हणून बोट दाखवले जाईल, तर आपण तेच जुने भांडण नव्या शब्दांत मांडतो आहोत.

ग्रामसभेचा हा प्रश्न पुन्हा मांडता आला असता तो 2023 मध्ये, वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा. विधेयक पर्यावरणाच्या स्थायी समितीकडे न जाता वेगळ्या संयुक्त समितीकडे गेले. स्थायी समितीचे अध्यक्ष रमेशच होते. त्यांनी लेखी हरकत घेतली. संयुक्त समितीने एकही बदल सुचवला नाही, काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. 26 जुलैला मणिपूरमधल्या हिंसाचारावरून चाललेल्या गोंधळात लोकसभेने विधेयक थोड्या वेळात मंजूर केले आणि 2 ऑगस्टला राज्यसभेने. त्या वेळी शहापूर आणि मुरबाड ज्या भिवंडी मतदारसंघात येतात, तिथले खासदार कपिल पाटील केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री होते. ग्रामसभेचा प्रश्न इतक्या जवळच्या माणसाकडे नेण्याची ती संधी होती.

विजेचे उद्दिष्ट तर आकड्यांत पूर्ण झाले. स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म झाल्याचे सरकारने जुलै 2025 मध्ये, मुदतीच्या पाच वर्षे आधी, सांगितले. पण सौरवीज दुपारी होते आणि मागणी दिवेलागणीला चढते. मधली तूट भरायला साठवण हवी, आणि साठवणीसाठी सह्याद्रीचा कडा फार सोयीचा. वर एक तलाव, खाली एक. वीज शिलकीत असताना पाणी वर चढवायचे, लागेल तेव्हा खाली सोडून जनित्रे फिरवायची. शहापूर तालुक्यातल्या चोंढे इथे हे 2008 पासून चालू आहे. घाटघर प्रकल्पाचा वरचा तलाव अकोले तालुक्यात आणि खालचा चोंढ्याला, क्षमता 250 मेगावॅट. पाणी चढवायला लागते त्याहून कमीच वीज परत मिळते, पण हवी त्या वेळी मिळते, हेच तिचे मोल.

जून 2023 मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी या केंद्राच्या जलविद्युत कंपनीशी अशाच आणखी चार उदंचन, म्हणजे पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या, प्रकल्पांचा करार केला. एकूण 7,350 मेगावॅट. त्यांत एकाचे नाव ‘काळू’, 1,150 मेगावॅट. मुरबाडमध्ये हे नाव घेतले की लोकांना आधी काळू धरण आठवते. महानगराच्या पाण्यासाठी आखलेल्या त्या धरणाचे काम वनमंजुरी नसताना सुरू झाले होते. सुमारे हजार हेक्टर वनजमीन पाण्याखाली जाणार होती. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. शेजारच्या शहापुरात तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. राष्ट्रहिताचा आणखी एक तलाव म्हटल्यावर या माणसांनी शंका घेतली, तर तिला अडाणीपणा म्हणणे अन्याय आहे.

मी उदंचनाच्या विरोधात नाही. कोळसा सोडायचा तर साठवण लागेल, आणि न सोडल्याची किंमतही कापणीला आलेले भात परतीच्या पावसात आडवे होताना हाच शेतकरी मोजतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या 14 आणि 21 व्या कलमांतून निघणारा हक्क मानला. तो हक्क धसईच्या माणसाचाही आहे. मागणी एवढीच की लक्ष्ये संसदेत चर्चेला यावीत आणि त्यांसाठी लागणाऱ्या जमिनीवर ग्रामसभेची संमती कायद्याच्या मजकुरात असावी, मंत्र्यांच्या आश्वासनात नको.

शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडची अनेक गावे पाचव्या अनुसूचीत येतात. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, आणि वनहक्क कायदा तिथे लागू आहेत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय पटलावर घ्या, ठराव लिहून घ्या, आणि त्याची प्रत आपल्या खासदाराला पाठवून संसदेत प्रश्न विचारायला सांगा.