गिरणीतल्या बायका आणि पानातले आम्ल

पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वे ही यादी आपण शाळेत पाठ करतो. त्यातल्या एका जीवनसत्त्वाचा माग मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या रक्तात लागला. गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, पण ही हकीकत मला वैद्यकाच्या पुस्तकांतच सापडली.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी तीव्र पांडुरोग होई. त्यात कित्येकी दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. नुसते लोह कमी पडले असते तर त्या लहान दिसल्या असत्या. विल्स यांनी या बायकांचा आहार तपासला आणि तसाच निकस आहार उंदरांना व माकडांना देऊन पाहिला. अखेर गुण आला तो मार्माइटने, म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टच्या स्वस्त, काळपट अर्काने. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातले नेमके काय लागू पडते, ते मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळायला दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत सुमारे चार टन पालकातून ते द्रव्य वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून ते फोलिक आम्ल. पेशीला दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत करावी लागते आणि त्या कामाला फोलेट लागते. ते नसले की पेशी फुगते, पण दुभंगत नाही. मोठ्या आणि मोजक्या पेशींचे कोडे हेच. गरोदर बाईच्या अंगात गर्भ, वार, रक्त सारेच एकदम वाढते, म्हणून तुटवड्याचा पहिला फटका तिला. मात्रा तरी केवढी! सरकारी दवाखान्यातल्या तिच्या गोळीत लोह ६० मिलिग्रॅम, फोलिक आम्ल जेमतेम अर्धा मिलिग्रॅम.

फोलेट पाण्यात विरघळते, उष्णतेने नासते. अंबाडी उकडून, पिळून तिचे आंबट पाणी आपण ओतून देतो, तेव्हा त्यातले बरेचसे मोरीत जाते. उरल्या भाजीत तुरीची डाळ पडते. डाळीतही फोलेट भरपूर असते, आणि त्या भाजीत ती पाण्यासकट शिजते.