क्लच प्लेट गेली? आधी खात्री करा!

मैत्रिणींनो, आपण गाडी चालवायला शिकलो, पण गॅरेजमध्ये गेलं की अजूनही नुसती मान डोलावतो. माझंही तेच झालं. आमच्या जुन्या गाडीत क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडेना, पडला तर करकर आवाज. ‘ताई, क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल,’ गॅरेजवाला म्हणाला. महिन्याचं गणितच कोलमडलं! दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवलं, तर क्लचची केबल ताणलेली निघाली. ती बदलली आणि काम भागलं.

त्यांनी सांगितलेली खूण लक्षात ठेवा. गिअर पडताना अडतो, तेव्हा बहुधा क्लच पूर्ण सुटत नसतो. आधी केबल पाहायची; हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइलची गळती. याउलट ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतोय. मग प्लेट झिजल्याची शंका घ्यावी. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड शाबूत. चालूच राहिलं तर लगेच क्लच दाबा. प्लेटचं काम निघालंच समजा.

प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही पाहून घ्या, म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी नको. जुने भाग मागून घ्या. आणि हो, विनाकारण क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, त्यानेच प्लेट लवकर झिजते.

भेंडीसुद्धा मोडून पाहून घेणाऱ्या आपण, गॅरेजमध्येच गप्प का बसायचं?