विश्लेषण : फर्ग्युसन यांचा वारसदार शोधताना मँचेस्टर युनायटेडचे कुठे चुकले?

सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी ८ मे २०१३ रोजी निवृत्ती जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी मँचेस्टर युनायटेडने त्यांच्या वारसदाराचे नावही सांगून टाकले. डेव्हिड मॉयेस यांच्याशी क्लबने सहा वर्षांचा करार केला. प्रत्यक्षात दहा महिन्यांच्या आतच त्यांची गच्छंती झाली. त्यानंतर अनेक नामवंत आले आणि गेले, पण २०२४-२५च्या हंगामापर्यंत युनायटेडला प्रीमियर लीग पुन्हा जिंकता आली नाही. चूक माणूस निवडण्यात झाली, की त्याच्यावर सोपवलेल्या कामाच्या आखणीत?

फर्ग्युसन यांचे नेमके काम काय होते?

क्रिकेटमध्ये संघ निवड समिती निवडते, मैदानावर निर्णय कर्णधार घेतो आणि प्रशिक्षक सहसा पडद्यामागे असतो. इंग्लिश फुटबॉलमधील पारंपरिक ‘मॅनेजर’ या तिन्ही भूमिका एकटा पार पाडतो. नोव्हेंबर १९८६मध्ये फर्ग्युसन आले तेव्हा युनायटेड गुणतालिकेच्या तळाकडे होता. पहिला करंडक, १९९०चा एफए चषक, मिळायला साडेतीन वर्षे लागली. पुढे १३ लीग जेतेपदे, दोन चॅम्पियन्स लीग आणि पाच एफए चषकांसह त्यांच्या कारकीर्दीत एकूण ३८ करंडक आले. मात्र कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला बाहेरचा रस्ता दाखवायचा, युवा संघातून कोणाला वर आणायचे, शिस्त मोडणाऱ्याचे काय करायचे, या प्रत्येक प्रश्नावर शेवटचा शब्द त्यांचाच असे. वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध ५-५ असा बरोबरीत सुटलेला त्यांचा अखेरचा सामना हा युनायटेडचे मॅनेजर म्हणून १५००वा होता. इतक्या काळात त्यांचे पद आणि क्लबचा कारभार यांच्यातील सीमारेषाच पुसली गेली होती.

निवृत्ती गुप्त का ठेवण्यात आली?

त्यामागे जुना अनुभव होता. २००१-०२च्या हंगामानंतर आपण थांबणार, असे फर्ग्युसन यांनी पूर्वी एकदा जाहीर केले होते. जाणाऱ्या माणसाचा धाक कमी होतो, हे त्या हंगामात दिसले. फेब्रुवारी २००२मध्ये त्यांनी निर्णय फिरवला, पण संघ तिसऱ्या क्रमांकावरच राहिला. आधीच जाहीर करणे ही चूक होती, हे त्यांनी नंतर मान्य केले. त्यामुळे दुसऱ्या वेळी कमालीची गुप्तता पाळली गेली. २०१२च्या अखेरीस पत्नीच्या बहिणीचे निधन झाले आणि पत्नीला एकटे पडू द्यायचे नाही म्हणून त्यांनी थांबायचे ठरवले. हे जगाला कळले तोवर विसावे लीग जेतेपद क्लबच्या खात्यात जमा झाले होते. संघाचे लक्ष विचलित झाले नाही, हा गुप्ततेचा फायदा. पण वारसदाराचा शोधही मोजक्या लोकांपुरताच राहिला, ही त्याची किंमत.

मॉयेस यांचीच निवड का?

पेप गार्डिओला यांच्याशी आपण २०१२मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेवणाच्या वेळी बोललो होतो, असे फर्ग्युसन यांनी नंतर लिहिले. गार्डिओला यांनी मात्र बायर्न म्युनिक निवडले. फर्ग्युसन यांच्याच सांगण्यानुसार मोरिन्यो यांनी चेल्सीला शब्द दिला होता, अँचेलोटी रेआल माद्रिदच्या वाटेवर होते, क्लॉप डॉर्टमुंडमध्ये समाधानी होते आणि व्हॅन गाल नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाकडे होते. उरले मॉयेस. ग्लासगोचे, कष्टाळू, तुटपुंज्या पैशांत एव्हर्टनला ११ वर्षे सावरणारे. फर्ग्युसन यांनी त्यांना घरी बोलावून घेतले आणि पुढचे मॅनेजर तुम्हीच, असे सांगितले.

दुसरा फर्ग्युसन सापडला, असे अनेकांना वाटले. पण साम्य स्वभावापुरते होते. १९८६मध्ये युनायटेडला आले त्याआधीच फर्ग्युसन यांनी ॲबरडीनला तीनदा स्कॉटिश लीग जिंकून दिली होती आणि १९८३मध्ये रेआल माद्रिदला नमवून युरोपीय कप विनर्स चषकही पटकावला होता. मॉयेस यांच्या नावावर एव्हर्टनमध्ये एकही मोठा करंडक नव्हता.

मग घडी कशी विस्कटली?

एका उन्हाळ्यात एकाच वेळी सगळेच बदलले. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार वर्षानुवर्षे सांभाळणारे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही तेव्हाच पद सोडले. त्यांच्या जागी आलेले एड वुडवर्ड या कामात नवखे होते. माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन आणि एरिक स्टील हे फर्ग्युसन यांचे सहायकही गेले आणि मॉयेस यांनी एव्हर्टनमधील आपली माणसे आणली. क्लबची रोजची कामे कशी चालतात हे ठाऊक असलेले फारसे कोणी मदतीला उरले नाही. संघही वयस्कर झाला होता. स्कोल्स निवृत्त झाले, फर्डिनंड, विडिच आणि एव्हरा उतरणीला लागले, तर गिग्ज चाळिशीला टेकले होते. उन्हाळ्यातील एकमेव मोठी खरेदी, मारुआन फेलायनी, तीही अखेरच्या दिवशी झाली.

निकाल लवकरच दिसू लागले. ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट ब्रॉमविचने १९७८नंतर, न्यूकॅसलने १९७२नंतर आणि मॉयेस यांच्याच जुन्या एव्हर्टनने १९९२नंतर लीग सामना जिंकला. ज्या स्टेडियममध्ये ‘निवडलेला तो’ अशा अर्थाचा फलक लागला होता, त्यावरूनच मार्चमध्ये मॉयेस यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक घेऊन विमान फिरले. आदल्या वर्षी ८९ गुणांसह विजेता ठरलेला संघ ६४ गुणांसह सातवा आला. त्याआधीच, २२ एप्रिल २०१४ रोजी, मॉयेस पायउतार झाले होते.

इतिहासात अशी उदाहरणे नव्हती का?

होती, आणि पहिले युनायटेडचेच. १९४५पासून क्लब घडवणारे सर मॅट बसबी १९६९मध्ये बाजूला झाले आणि धुरा ३१ वर्षांच्या विल्फ मॅकगिनेस यांच्याकडे आली. पण बसबी ‘जनरल मॅनेजर’ म्हणून क्लबमध्येच राहिले. मॅकगिनेस यांना डिसेंबर १९७०मध्ये हटवून बसबी यांनाच परत बोलवावे लागले. युरोपीय चषक जिंकल्यावर अवघ्या सहा वर्षांत, १९७४मध्ये, युनायटेडची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. १९६७नंतरचे लीग जेतेपद थेट १९९३मध्ये आले.

लिव्हरपूलचे उदाहरण याच्या उलट आहे. १९७४मध्ये बिल शँकली यांनी अचानक राजीनामा दिला. त्यांचे सहायक बॉब पेस्ली यांना हे पद नकोच होते, पण त्यांनी नऊ वर्षांत सहा लीग जेतेपदे आणि तीन युरोपीय चषक मिळवले. ॲनफिल्डवरच्या छोट्याशा ‘बूट रूम’मध्ये बसून प्रशिक्षक मंडळी खेळाडू आणि डावपेच यांवर रोज चर्चा करत. शँकली गेले, तरी ही मंडळी तिथेच राहिली. पुढे पेस्ली यांची जागाही त्यांच्यातल्याच जो फेगन यांनी घेतली आणि पहिल्याच हंगामात लीग व युरोपीय चषक जिंकला.

क्लॉप यांच्यानंतर लिव्हरपूलने काय केले?

युर्गेन क्लॉप यांनी २६ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे हंगाम संपायच्या चार महिने आधी, पद सोडण्याचा निर्णय उघड केला. क्लबने आधी फुटबॉल कारभाराची घडी बसवली. मायकल एडवर्ड्स परतले, रिचर्ड ह्यूज क्रीडा संचालक झाले आणि त्यानंतर फेयेनूर्डच्या आर्ने स्लॉट यांची निवड झाली. त्यांचे पद ‘मॅनेजर’ नव्हे, तर ‘मुख्य प्रशिक्षक’ असे ठेवले गेले. क्लॉप यांच्या कामाची अशी वाटणी झाली. मैदान स्लॉट यांचे, तर खरेदी आणि करारांची मुख्य जबाबदारी संचालकांची. जवळपास जुन्याच संघासह त्यांनी २०२४-२५ची लीग जिंकली.

अर्थात ही रचना म्हणजे कायमची हमी नव्हे. उन्हाळ्यात मोठी खरेदी करूनही पुढच्या हंगामाच्या पूर्वार्धात याच लिव्हरपूलने सलग चार लीग सामने गमावले. पण पहिले वर्ष, जे वारसदारासाठी सर्वात घातक असते, ते निभावले गेले.

यातून काय स्पष्ट होते?

मॉयेस हे वाईट प्रशिक्षक नव्हते. २०२३मध्ये वेस्ट हॅमला त्यांनी युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकून दिली. दुसरीकडे व्हॅन गाल आणि मोरिन्यो यांच्यासारख्या सिद्ध नावांनीही युनायटेडला करंडक दिले, पण लीग जेतेपद दिले नाही. म्हणजे प्रश्न केवळ नावाचा नव्हता. पाव शतकात एका माणसाने स्वतःभोवती रचलेले काम जसेच्या तसे दुसऱ्याला पेलत नाही. ते आधी वेगळे करून कोणी काय करायचे हे ठरवावे लागते, आणि जुन्या माणसांपैकी काहींना सोबत ठेवावे लागते. युनायटेडने २०१३मध्ये खुर्चीत बसणारा बदलला, खुर्ची मात्र फर्ग्युसन यांच्याच मापाची ठेवली.